एका मुलीला एकच आई

मी वसतिगृहात राहायला आले, त्यानंतर काही दिवसांनी माझ्या निबंधातली आई मला भेटायला आली आणि परत गेलीच नाही.

मी आंघोळ करून खोलीत आले, तर ती माझ्या पलंगाशेजारी उभी. निळी सुती साडी, कपाळावर ठसठशीत कुंकू, चेहऱ्यावर हसू. मी तिला लगेच ओळखलं. न ओळखायला काय झालं, चौथीपासून मी तिला निबंधात लिहीत आले आहे.

"बाळ, अभ्यास झाला का?" ती म्हणाली.

"तुम्ही इथे कशा?"

"बाळ, अभ्यास झाला का?"

मी तशीच ओल्या केसांनी खारकर मॅडमकडे गेले. खारकर मॅडम आम्हाला पहिल्या वर्षाला मराठी शिकवतात आणि वसतिगृहही त्याच बघतात. त्यामुळे त्यांच्यापासून सुटका नाही, वर्गातही नाही आणि जेवतानाही नाही.

"मॅडम, खोलीत जी बाई आली आहे ना, ती माझी आई नाही."

मॅडमनी माझा निबंध काढून पुढे ठेवला. "हे अक्षर कोणाचं?"

"माझं."

"मग आई पण तुझीच, प्रणाली." आणि त्यांनी भेटीच्या रजिस्टरमध्ये आईच्या रकान्यात बरोबरची खूण केली.

आता यात माझी चूक काय ते सांगा. पहिल्या तासाला मॅडम म्हणाल्या होत्या, 'माझी आई' या विषयावर स्वतःच्या शब्दांत निबंध लिहा. आमच्या शाळेत स्वतःचे शब्द गाइडमध्ये मिळायचे. बाई ते पाठ करून घ्यायच्या, आणि जी पोरगी एकही शब्द न गाळता लिहील ती हुशार. एकदा मी लिहिलं होतं की माझी माय सकाळी नऊला उठते, कारण ती उठतेच नऊला. कापसाच्या जिनिंग कारखान्यात तिची रातपाळी असते. बाईंनी लाल रेघ मारली. आई नऊला उठते असं कोणी लिहितं का, पाचला लिही. मी पाचला लिहिलं. माय घरी ती वही घेऊन बसली, तिला वाचता येत नाही, पण बरोबरच्या खुणा तिला कळतात. "काय लिवलं व मायाबद्दल?" तिने विचारलं. मी म्हटलं, चांगलंच लिहिलं आहे. ती दिवसभर खुशीत होती.

तर कॉलेजात मी तोच निबंध लिहिला. सगळ्यांनीच लिहिला. माझ्या खोलीतल्या शगुफ्तानेही लिहिला, आणि दुपारपर्यंत तिच्या पलंगाशेजारीही तीच निळ्या साडीतली आई येऊन उभी राहिली.

निबंधात जेवढं आहे तेवढंच ती करायची. पहाटे पाचला उठायची. झाडून काढायची, रांगोळी घालायची. तुळशीला पाणी घालते असं वाक्य आहे, म्हणून दोन पलंगांच्या मधे, जिथे तुळसबिळस काही नव्हती, तिथे ती तांब्याभर पाणी ओतायची. आमच्या चपला रोज ओल्या. सगळ्यांना वाढून मग स्वतः जेवते असंही आहे. वसतिगृहात कोणी ना कोणी वाढायचं राहिलेलं असतंच, त्यामुळे ती कधी जेवलीच नाही. झोपण्याबद्दल गाइडमध्ये एक अक्षर नाही. ती रात्रभर उभी असायची.

"तुला विचित्र नाही वाटत?" मी शगुफ्ताला विचारलं. "तुमच्याकडे कुठे तुळस असते?"

"नसते," ती म्हणाली. तिची निळ्या साडीतली आई तिच्या वेणीला तेल लावत होती. "मी तिसरीत असताना अम्मी गेली. निबंध आला चौथीत. मग मी कोणती आई लिहिणार होते? राहू दे गं. हात गरम आहेत तिचे."

 

पण माझी माय होती ना. ती धडधाकट होती, घरी होती, आणि मला तीच पाहिजे होती. मी तिला फोन लावला. फोन आमच्याच खोलीत वाजला. निळ्या साडीतल्या आईने कनवटीतून तो काढला, कानाला लावला आणि माझ्याकडे बघत म्हणाली, "बाळ, अभ्यास झाला का?" मी पुन्हा लावला. पुन्हा तिनेच उचलला. रोज तेच. शेवटी मी फोन करायचं सोडून दिलं.

एव्हाना सगळ्या मुलींच्या आया आल्या होत्या. पहाटे व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नसायची. एकीसारखी दुसरी, सगळ्या वाकून झाडतायत, एकीने झाडलेलं दुसरी पुन्हा झाडतेय. मधून जायला लागलं की प्रत्येक आई हातात गरम डबा द्यायची. डबे घेतले नाहीत तर त्या बाजूला होत नसत. मी वर्गात पोचायची तेव्हा माझ्या हातात डब्यांची चळत असायची आणि मॅडम म्हणायच्या, "किती प्रेम करतात बघा." दर दिवशी व्हरांडा थोडा अरुंद होत होता. कोणी मोजमाप केलं नाही, पण आधी आम्ही दोघी शेजारी शेजारी चालायचो, मग एकामागे एक, आणि मग आडव्या होऊन.

रविवारी माय आली.

मला वरूनच तिचा आवाज ऐकू आला. वाचनालयाच्या खिडकीतून फाटक दिसतं. माय गजांना धरून उभी होती, हिरवं लुगडं, केसांत जिनिंगचा कापूस, हातात पिशवी. चौकीदाराशी तिची जुंपली होती.

"फोन लागत नाही पोरीचा. काऊन, कोंडून ठेवलं का माया पोरीले?"

खारकर मॅडम रजिस्टर घेऊन फाटकाशी गेल्या. "कोणाला भेटायचं आहे?"

"प्रणालीले. मी माय व्हय तिची. बेबी तायडे."

मॅडमनी पान उघडलं. "प्रणाली तायडेची आई आलेली आहे. खोलीत आहे."

"मी तं अथी उभी आहो."

"एका मुलीला एकच आई, ताई. नियम आहे. तुम्ही पाचला उठता?"

"नऊले उठतो. रातपाळी रायते मायी."

"मग ते जुळत नाही," मॅडम म्हणाल्या. त्या दुष्ट नाहीत, हे मला सांगायला पाहिजे. त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसत होतं.

मी खाली धावले, पण जिन्यात सगळ्या आया डबे घेऊन उभ्या होत्या. पुढे जाता येईना. मॅडमच त्यांच्यामधून वर आल्या आणि मला परत वाचनालयात घेऊन गेल्या.

"नवा निबंध लिही," त्या म्हणाल्या. "ह्या बाईचा. मी तपासते. उत्तीर्ण झालीस तर रजिस्टरमधलं नाव बदलता येईल. सहाला फाटक बंद होतं, त्यानंतर नोंद कायम."

"कायम म्हणजे?"

"म्हणजे मग तिला तुझी आई म्हणून येता येणार नाही. इथेही नाही आणि घरीही नाही."

त्यांनी मला एक कोरा कागद दिला आणि लाल पेन घेऊन समोर बसल्या. मागे दारात आया दाटीवाटीने उभ्या राहिल्या. कोणी ढकलत नव्हतं, पण माझी खुर्ची टेबलाला टेकली होती.

मला वाटलं, यात काय मोठं. अठरा वर्षं मी मायजवळ राहिले आहे. मला तिच्याबद्दल सगळं माहीत आहे. मी पेन उचललं आणि माय नऊला उठते असं लिहायला घेतलं. हाताने लिहिलं, 'ती पहाटे पाच वाजता उठते.' माझाच हात. इतक्या वर्षांची सवय, तो थांबलाच नाही.

मी खिडकीतून पाहिलं. मायच्या डोळ्यांतली रातपाळीची लाली गेली होती. झोप पूर्ण झाल्यासारखी ती ताठ उभी होती. खरं सांगते, क्षणभर मला ते आवडलं. तिला अशी ताजीतवानी मी कधी बघितलीच नव्हती.

मग मी लुगड्यावर आले. हिरवं, धुऊन धुऊन विरलेलं, पदराला मशीनच्या तेलाचा डाग. हे सगळं माझ्या डोळ्यांपुढे होतं, पण त्याचं वाक्य मला कोणी शिकवलं नव्हतं. हाताला जे येत होतं ते त्याने लिहिलं, 'साधी सुती साडी नेसते.' फाटकात माय निळी झाली. मी घाबरून ती ओळ खोडली. तर जिथे लुगडं होतं तिथे ना हिरवं राहिलं ना निळं, आरपार रस्त्यापलीकडचं पंक्चरचं दुकान दिसायला लागलं.  मी घाईघाईने निळी साडी परत लिहिली.

"खाडाखोड नको," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, मी खाली जाऊन तिला नुसती भेटून येते. दोन मिनिटं."

"निबंध पूर्ण कर आणि भेट की. कोणी अडवलंय?"

मी डोळे मिटले. गाइडमध्ये जे कुठेच नाही असं मायमध्ये काय आहे? कापसाबद्दल लिहावं, तर हात लगेच 'काळेभोर केस' म्हणणार. पिशवीबद्दल लिहावं, तर 'गरम डबा'.  आणि एकदम सापडलं. मी एकेक अक्षर दाबून दाबून लिहिलं, हाताला पळू दिलं नाही. 'माझी माय शिव्या देते.'

खाली माय चौकीदारावर सुटली. त्याचं खानदान काढलं, फाटकाचं खानदान काढलं, ज्याने हे कॉलेज बांधलं त्याच्या सात पिढ्या काढल्या. अख्खं आवार दणाणलं. मला रडू आलं आणि हसूही. तीच होती, माझी माय, शंभर टक्के तीच. मला तिची एवढी आठवण येत होती हे मला तोवर कळलंच नव्हतं.

मॅडमनी कागद आपल्याकडे ओढला आणि त्या ओळीवर शांतपणे लाल रेघ मारली. "असं लिहायचं नसतं, बेटा. भावना पोचली. पण असं लिहायचं नसतं." आणि वर सुबक अक्षरात लिहिलं, 'ती सर्वांशी गोड बोलते.'

खालचा आवाज तुटला. माय हसली आणि चौकीदाराला म्हणाली, "बाळ, अभ्यास झाला का?"

चौकीदार साठीचा असेल. त्याने टोपी काढली. "नाही जी," तो म्हणाला.

मी पेन खाली ठेवलं. "मी आता काहीच लिहिणार नाही."

"नको लिहूस. मग ती बाहेर," मॅडम म्हणाल्या. "एवढं छान जमतंय तुला. एकच ओळ राहिली आहे. आईच्या हातांवर लिही, तिथे मुलं फार सुंदर लिहितात."

मी पाहिलं. फाटकाशी सगळं निळं आणि हसरं होतं. फक्त उजवा हात मायचा होता, कारण त्याच्याबद्दल मी अजून काही लिहिलं नव्हतं. काळा, भेगाळलेला, दोन बोटं अर्धीच, ती मशीनमध्ये गेलेली. तो हात गजांमधून आत आला. तळवा खाली करून, बोटांनी हवा ओढावी तसा तो हलायला लागला. माय कायम तशीच बोलावते.

मला तिथे जायचं होतं. दुसरं काहीच नको होतं मला, मार्क नको, कॉलेज नको. दारातल्या सगळ्या आयांनी श्वास रोखला होता. हातांचं गाइडमधलं वाक्य, 'तिचे हात मऊ मऊ आहेत', मला तोंडपाठ होतं आणि ते माझ्या कोपरापासून मनगटाकडे सरकत येत होतं. मी डाव्या हाताने उजवं मनगट गच्च धरलं.

"लिही," मॅडम मायेने म्हणाल्या. त्यांनी पेन उचलून माझ्या बोटांत दिलं.

सहाची घंटा व्हायला लागली. पेनचं टोक कागदाला टेकलं, आणि फाटकातला तो बोलावणारा हात हवेतच थांबला.