तपासनिसाच्या कोटाचा दुसरा खिसा

नवा मध्यप्रदेश अस्तित्वात येऊन तीन वर्षे लोटली होती, त्या वेळची ही हकीकत आहे. इंदूरच्या मल्हारगंजात एका किराणा दुकानाच्या माडीवर आमच्या घृतपरीक्षण मंडळाची कचेरी होती. तूप करणाऱ्यांकडे जाऊन त्यांच्या मालाची परीक्षा करावी, तो शुद्ध ठरल्यास डब्यांवर मंडळाची लाखेची मोहोर उमटवावी आणि अशुद्ध ठरल्यास नाकारावी, हे मंडळाचे कार्य होते. त्यासाठी आम्ही सात तपासनीस नेमलेलो होतो. त्यांत मी, मालोजी कदम, वयाने सर्वांत ज्येष्ठ आणि शिक्षणाने सर्वांत कनिष्ठ होतो. माझे शिक्षण मराठी सहा इयत्तांचे. त्यापुढील सर्व विद्या मी वडिलांपाशी शिकलो. ते संस्थानच्या कोठीत तुपाच्या पारखीवर होते. तूप हाताच्या पाठीवर चोळून त्याचा वास घ्यावा, ते किती वेळात विरते ते पाहावे आणि मगच तोंड उघडावे, अशी त्यांची शिकवण होती.

त्याच्या मागील वर्षी एका तपासनिसाने एका व्यापाऱ्याच्या वनस्पती तुपाच्या डब्यांवर आमची मोहोर उमटवली आणि बाजारात मंडळाची पुष्कळ नाचक्की झाली. त्याला काढून टाकण्यात आले. परंतु नागपुराहून आलेले आमचे नवे चिटणीस, लक्ष्मीकांत देवपुजारी, एवढ्याने संतुष्ट झाले नाहीत. ते विज्ञानाचे पदवीधर असून वयाने माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान होते. त्यांचे म्हणणे असे की, जे मंडळ तुपाची परीक्षा करते, त्याने प्रथम आपल्या परीक्षकांची परीक्षा करावी. त्यांनी प्रत्येक तपासनिसाच्या नावे एक जाड कार्ड तयार केले. त्यावर शिक्षण, उमेदवारीची वर्षे आणि केलेल्या तपासण्या यांचे रकाने होते. मॅट्रिक झालेल्याचे कार्ड वर्षभर चालणार होते. जो मॅट्रिक नाही, त्याची एक तपासणी, म्हणजे साक्षतपासणी, चिटणीस स्वतः सोबत बसून पाहतील आणि तीत तो उतरला तरच त्याच्या हाती मोहोर राहील, असा नियम झाला.

सातांपैकी मॅट्रिक न झालेले दोघेच होतो, मी आणि रघुवीर. हा रघुवीर थट्टेखोर मनुष्य, इंदुरी बोलीत मला भिया, म्हणजे भाऊ, म्हणे. नियम वाचून तो मला म्हणाला, "मालोजी भिया, अब तक तर आपण तुपाला नापास करत होतो. आता तूपच आपल्याला नापास करणार." मी हसलो खरा, परंतु ते हास्य ओठांपुरतेच होते. कार्डावरील शिक्षणाचा रकाना मी कोराच ठेवला. खोटे लिहिण्याचे धैर्य नव्हते आणि खरे लिहिण्याचेही नव्हते. मोहोर गेली तर वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मी काय करणार, हा प्रश्न मला जेवताना, चालताना, सर्व वेळी छळू लागला. पत्नी आनंदीबाई हिला मी काही सांगितले नव्हते. तथापि तिने ते माझ्या ताटावरून ओळखले होते.

माझी साक्षतपासणी गौतमपुऱ्यास ठरली. संक्रांतीचा तिसरा दिवस होता. चिटणीससाहेब आणि मी सकाळच्या मोटारीने निघालो. माझ्या हाती परीक्षेची लाकडी पेटी होती. तीत काचेच्या नळ्या, आम्लाची बाटली, साखरेची डबी, आणि मंडळात आमच्या देखत कढवलेल्या शुद्ध तुपाची एक सीलबंद कुपी, इतके साहित्य होते. नळ्यांची रबरी बुचे मात्र मी कोटाच्या उजव्या खिशात ठेवीत असे. पेटीत ती खाली जात आणि वेळेवर सापडत नसत, म्हणून ही माझी जुनी सवय.

जिच्याकडे जायचे होते ती गंगूबाई पवार, विधवा स्त्री. आसपासच्या खेड्यांतून लोणी गोळा करून ती तूप कढवी आणि तिचे डबे इंदुरात आमच्या मोहोरेवर विकले जात. आम्ही ओसरीवर पाऊल ठेवताच तिने आमच्या दोघांच्या हातांवर तिळाचा एकेक लाडू ठेवला.

आता आमचा नियम असा की, ज्याची तपासणी त्याच्या घरी पाणीसुद्धा घ्यावयाचे नाही. मी हात मागे घेणार, तोच ती म्हणाली, "साहेब, सणाचा तिळगूळ काय रिश्वत असते का? मी हातावर ठेवला. खायचा की नाही, ते तुमचं तुम्ही बघा."

संक्रांतीत वडीलधाऱ्या बाईने दिलेला तिळगूळ परत करणे हे आमच्या घरच्या रीतीत बसत नव्हते आणि तो खाणे मंडळाच्या रीतीत बसत नव्हते. म्हणून मी दोन्ही रीती सांभाळल्या. लाडू घेतला, कपाळास लावला, आणि काम झाल्यावर खाऊ असे म्हणून खिशात टाकला. चिटणीससाहेबांनी आपल्या लाडवाचे काय केले, हे मी भीतीपोटी पाहिले नाही.

प्रथम मी तूप हाताच्या पाठीवर चोळले. वास स्वच्छ, रवा टपोरा, आणि विरण्याची गती जशी असावी तशी. म्हशीला सरकी घातली जात असावी, हेही मला कळले. माझ्या मनाने तूप शुद्ध ठरवले होते. परंतु आता मनाच्या निर्णयाला कार्डावर रकाना नव्हता. मग मी पातळ केलेले तूप नळीत घातले, त्यात तितकेच आम्ल आणि चिमूटभर साखर टाकली, बूच लावून नळी हलवली आणि स्टँडवर ठेवली. वनस्पती तूप करणाऱ्यांना सरकारी नियमाने त्यात तिळाचे तेल मिसळावे लागते, ते याच परीक्षेसाठी. तिळाचा अंश असला की नळीच्या तळाशी गुलाबी रंग येतो आणि भेसळ उघड होते.

पाच मिनिटांनी नळीच्या तळाशी गुलाबी रंग आला.

फिकट होता, तरी गुलाबीच होता. गंगूबाईला त्याचा अर्थ ठाऊक होता. ती खांबाला टेकून खाली बसली. चिटणीससाहेब वहीत लिहीत होते. त्या क्षणी मला माझा मार्ग अगदी सोपा दिसला. पुस्तकाप्रमाणे परीक्षा केली, पुस्तकाप्रमाणे रंग आला, आता 'भेसळ' असा एक शब्द लिहिला की माझे कार्ड पुरे. माझी चाचणी चोख होती, असेच कोणीही म्हणाले असते. परंतु माझ्या हाताच्या पाठीवरील तूप अजून तसेच होते, आणि त्याचा वास खोटे बोलत नव्हता.

मी म्हणालो, "साहेब, हा निकाल मी लिहीत नाही. मला कुपीतल्या तुपाची परीक्षा करू द्या."

साहेबांनी मान वर न करता विचारले, "का?"

"कारण ते शुद्ध आहे, हे मला आणि आपल्याला दोघांनाही माहीत आहे."

मी दुसरी नळी घेतली, सील तोडून मंडळाचे तूप तीत घातले, आम्ल व साखर घातली आणि खिशातून दुसरे बूच काढून लावले. पाच मिनिटे मी नळीवरची नजर काढली नाही. याही नळीच्या तळाशी तोच गुलाबी रंग आला. आमच्या स्वतःच्या देखत कढवलेले तूप भेसळीचे ठरत होते. मग मी खिसा उलटा केला. लाडू फुटला होता. तिळाचे कण आणि गुळाचा चिकटा सर्व बुचांना लागलेला होता.

आता थांबणे शक्य नव्हते. मी साहेबांसमोर ती बुचे एका ओळीत मांडली आणि सांगितले की, चूक तुपाची नसून माझी आहे, मी खाण्याचा पदार्थ परीक्षेच्या साहित्याबरोबर ठेवला. नंतर गंगूबाईकडून पाणी मागून घेतले, तिच्या चुलीवर बुचे सोड्यात उकळली, नळ्या व हात धुतले आणि दोन्ही तुपांची परीक्षा पुन्हा आरंभापासून केली. दोन्ही नळ्यांत रंगाचा लवलेशही दिसला नाही. गंगूबाईच्या नऊ डब्यांवर मी मोहोर उमटवली. लाखेवर तो ठसा दाबताना, आपल्या हातून हा शेवटचाच, असे मला खात्रीने वाटत होते. परतीच्या मोटारीत साहेब आपली वही वाचत बसले आणि मी खिडकीबाहेर गव्हाची शेते पाहत बसलो.

सोमवारी त्यांनी मला माडीवर बोलावले. टेबलावर माझे कार्ड होते. त्यांनी ते माझ्यापुढे सरकवून बसण्यास सांगितले. साक्षतपासणीच्या रकान्यात त्यांच्या बारीक अक्षरात लिहिले होते: 'चुका एक. तपासनिसाने स्वतः शोधली, स्वतः सांगितली, स्वतः दुरुस्त केली. मोहोर कायम.'

मी ते तीनदा वाचले.

साहेब म्हणाले, "मॅट्रिक झालेल्या पाचांपैकी किती जणांनी तो पहिला रंग पाहून कुपी उघडली असती, हा विचार मी शनिवारपासून करतो आहे. त्या पाचांचीही साक्षतपासणी घ्यावी लागेल. मी नियम अर्धाच लिहिला होता." मग ते म्हणाले, "आणि एक सांगतो, ते वहीत नाही. तुम्ही नळ्या काढीत होता, तेव्हा मी माझा लाडू खाऊन टाकला. नियम मीच केलेला. लहानपणापासूनची सवय, हातावर पडला की तोंडात."

यावर मला हसू आवरेना आणि तेही हसू लागले. अनेक आठवड्यांनंतर माझ्या छातीवरील भार उतरला आणि हवा पोटापर्यंत गेल्यासारखे वाटले. तेवढ्यात त्यांनी शिक्षणाच्या कोऱ्या रकान्यावर बोट ठेवले. तो भरल्याशिवाय सही करणार नाही, असे ते म्हणाले. मी दौतीत टाक बुडवला आणि 'मराठी सहावी' असे लिहिले. अक्षर चांगले आले. त्यांनी खाली सही केली.

जिन्यात रघुवीर उभाच होता. पुढच्या आठवड्यात त्याची पाळी असल्याने त्याची थट्टा पार आटली होती. "काय विचारतात, भिया?" असे त्याने हळूच विचारले. काही विचारत नाहीत, नुसते बघतात, असे सांगून मी त्याला बुचांसाठी एक झाकणाची डबी घेण्याचा सल्ला दिला. त्याने त्याच दिवशी बाजारातून दोन डब्या आणल्या आणि एक मला दिली.

घरी येऊन मी आनंदीबाईला कार्ड दाखवले आणि प्रथमच सर्व हकीकत सांगितली. मग तिने माझा कोट मागितला, उजवा खिसा उलटा करून त्यातील उरलेले तीळ अंगणात झटकले आणि सुईदोरा घेऊन डाव्या बाजूस आतून एक दुसरा खिसा शिवावयास बसली. हा कशाला, असे मी विचारले.

"तिळगुळाला," ती म्हणाली. "रथसप्तमीपर्यंत अजून किती घरी जायचंय तुम्हाला. कोणाकोणाला नाही म्हणणार?"

त्या दिवशी मी पोटभर जेवलो.