इंदूबाईंनी दिलेलं बी

मित्रांनो, मी एक वाळलेलं झाड आहे. जुनं म्हणावं तर माझं सगळं वय पाच महिने, आणि तरुण म्हणावं तर अंगात रसाचा थेंब नाही. माझ्या जातीला गांजा म्हणतात. नाव ऐकून दचकला असाल. दचका, पण उठून जाऊ नका. वडाला, नदीला, शाळेच्या घंटेला आपली गोष्ट सांगायला मिळते, तर मलाही दोन घटका द्या. आमच्यात नराचं झाड वेगळं आणि मादीचं वेगळं असतं. मी मादी, म्हणून 'आले-गेले' असं बोलते.

आमचं मूळ घराणं हिंदुकुशच्या डोंगरातलं. तिकडे ऊन करपवणारं आणि थंडी कडक, त्यामुळे पूर्वज सगळे बुटके आणि अंगाने चिकट. माणसांनी त्यातले सर्वांत चिकट तेवढे निवडले, समुद्रापलीकडे नेले आणि बंद खोल्यांत दिव्यांच्या उजेडाखाली पिढ्यान्‌पिढ्या त्यांची लग्नं लावली. निवडून निवडून मिरचीचा तिखटपणा वाढवत न्यावा, तशी आमच्यातली झिंग त्यांनी वाढवत नेली. पूर्वी देवळाच्या ओट्यावर बैरागी चिलीम ओढून रात्रभर भजन म्हणत. आमच्या घराण्याची चिलीम ओढली असती, तर त्यांना भजनाची पहिली ओळही आठवली नसती. यात अभिमान वाटावा असं काही आहे की नाही, ते मला ठाऊक नाही. झाडाला वाढायचं तेवढं कळतं.

माझ्या आईचं बी पाकिटातून पळसदरीला आलं. तिथल्या धरणाजवळ नवीनसाहेबांचं फार्महाऊस आहे. साहेब मुंबईचे, शनिवारी यायचे आणि रविवारी जायचे. मागच्या खोलीत हिरामण आणि त्याची बायको इंदूबाई राहत, घर-बाग सांभाळत. हिरव्या जाळीखाली अकरा कुंड्यांत झाडं लावून साहेब इंदूबाईंना म्हणाले, "ही परदेशी औषधी झाडं आहेत. यांचं तेल दुखण्यावर चालतं. पोरासारखी जपा."

इंदूबाईंनी जपली. हिरामणने मात्र पहिल्याच आठवड्यात वास ओळखला होता. पण राहायला खोली, वीज फुकट आणि पगार वेळेवर, तेव्हा त्याने तोंडाला कुलूप घातलं. बायकोलाही बोलला नाही.

वासाचं सांगायला हवं, कारण आमच्याकडे मिरवण्यासारखं तेवढंच आहे. आधी लिंबाची साल बोटांनी दाबल्यासारखा येतो, मग मागून रॉकेल, आणि शेवटी आंब्याच्या चिकाचा उग्रपणा घशाशी बसतो. साहेबांचे मित्र डोळे मिटून तो हुंगायचे आणि वाहवा करायचे. आमच्याच जातीच्या, मुंबईहून आणलेल्या विड्या ओढत ते जाळीबाहेर बसत. एकजण खुर्चीकडे बघून पाऊण तास हसला. दुसऱ्याने पावाची आख्खी लादी कोरडी खाल्ली. तिसऱ्याला आपलं काळीज बंद पडल्याची खात्री झाली आणि तो संध्याकाळपर्यंत सगळ्यांपुढे मनगट धरत फिरला. हे सगळे शिकलेले लोक होते.

कळ्या धरायच्या सुमारास साहेबांनी एका झाडावर बोट ठेवलं. "याला गोळ्यांसारखे घोस येतायत ना, हे नर. उपटून फेकून द्या. एकही नर राहता कामा नये."

नर राहिला की माद्या बी धरतात, आणि बी धरलं की झिंग उतरते. साहेबांना बी नको होतं. पण हे कारण औषधाच्या गोष्टीत बसणारं नव्हतं, म्हणून ते त्यांनी सांगितलं नाही. इथेच ते फसले, कारण इंदूबाईंच्या माहेरी पपईची बाग होती. दहा माद्यांमागे एक नर ठेवतात, हे त्यांना सात वर्षांच्या असल्यापासून पाठ होतं.

"उपटायचं म्हनं!" त्या हिरामणला म्हणाल्या. "बापयाच नाय ऱ्हायला तर बी कुटनं यायचं? सायबाला शेतीतलं काय कळतंय!"

त्यांनी नराची कुंडी पाण्याच्या टाकीमागे नेऊन ठेवली आणि तिच्यावर घेवड्याचा वेल सोडला. तो नर म्हणजे माझे वडील. वाऱ्याने आपलं काम केलं आणि माझ्या आईच्या घोसाघोसांत आम्ही भावंडं भरलो.

पुढच्या खेपेला साहेबांनी एक घोस बोटांत चुरगळला आणि टपटप बी पडलं. त्यांचा चेहरा उतरला. "इंदूबाई, हे बी आलं कुठून?"

इंदूबाई फुलून म्हणाल्या, "सायेब, धा बायांत एक बापया ठेवला मी. पपयीला ठेवत्यात तसा. बगा तरी कसं भरलंय!"

"सगळ्याचा कचरा केलात तुम्ही!" साहेब ओरडले. औषधाला बी का चालत नाही, हे मात्र त्यांना सांगता येईना. घोस उकिरड्यावर टाकून ते रागाने दुपारच्या गाडीनेच परतले. शहरातली माणसं बियाला कचरा म्हणतात, हे ऐकून इंदूबाईंना वाईट वाटलं. त्यांनी आम्हाला वेचलं, पाखडलं आणि राखेत घोळून डब्यात ठेवलं. माझ्या आयुष्यातली सर्वांत मायेची वागणूक ती होती, असं म्हटलं तरी चालेल.

त्या बाजूला पेरणीच्या दिवसांत बाई बहिणीकडे गेली, तर रिकाम्या हाताने जात नाही. शिराळं, काकडी, पडवळ, जे घरात धरलं असेल त्याचं बी पुरचुंडीत बांधून नेते. इंदूबाईंची थोरली बहीण आनंदीबाई खालापूरच्या पलीकडे राहते. तिचे गुडघे कधीपासून धरलेले. ज्येष्ठात इंदूबाई गेल्या, त्यांनी तीन पुरचुंड्या दिल्या आणि चौथी जरा जास्त जपून पदराच्या गाठीतून सोडली.

"अक्का, ह्ये सायबाचं अवशद हाय. परदेशातलं. दुखन्यावर लय चालतं म्हनं. न्हानीपाशी लाव."

"कसं घ्याचं गं?"

"त्ये तेल काडत्यात. तू आपला काढा कर. झाडपाल्यानं काय व्हतंय!"

आनंदीबाईंनी पाच बिया लावल्या. चार गोगलगायींनी खाल्ल्या, मी एकटी राहिले. एका बाजूला केळ आणि दुसऱ्या बाजूला अळू, सांडपाणी भरपूर, वर मोकळं आभाळ. जाळीखालच्या आईपेक्षा मी दुप्पट वाढले. शेळी मला तोंड लावीना. आनंदीबाई सुनेला, रुचिताला म्हणायच्या, "शेळी खात नाय म्हंजी कडू हाय. कडू म्हंजी गुनाचं." म्हातारीचा तर्क तिच्या जागी बरोबर होता. तिला खरं नाव माहीत नव्हतं, एवढीच त्यात खोट होती.

दिवाळीची चकली-करंजी बसून केल्यावर आनंदीबाईंचे गुडघे सुजले. भाऊबीज उलटली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या लंगडत माझ्यापाशी आल्या. ज्याला वास जास्त त्यात गुण जास्त, असा विचार करून त्यांनी माझे शेंडेच खुडले, चांगले मूठभर. शेळीच्या दुधात तूप-गूळ घालून ते उकळले आणि गाळून पेलाभर प्यायल्या. तासभर काही झालं नाही, म्हणून उरलेलंही प्यायल्या.

मग त्या अंगणात उभ्या राहिल्या आणि त्यांना घर सापडेना. ओठ कोरडे पडले, डोळे लाल झाले, छाती धडधडू लागली. रुचिताने हात धरला, तर त्या तिला ओळखेनात. "माजं पाय कुनी नेलं?" असं विचारत त्या खाली बसल्या, ओकल्या आणि निपचित पडल्या. रुचिताने शेजारचा टेंपो बोलावला, त्यांना सरकारी दवाखान्यात नेलं आणि मावशीला फोन केला. हे सगळं मी अंगणाच्या कडेला उभी राहून पाहिलं. पुढचं दवाखान्यातलं मला नंतर, माझ्यादेखत झालेल्या बोलण्यातून कळलं.

इंदूबाई आणि हिरामण पोहोचले तेव्हा डॉक्टर रुकय्या आनंदीबाईंच्या डोळ्यांत बॅटरी मारून बघत होत्या. वय अडुसष्ट, नाडी धावत होती, रक्तदाब वरखाली. "काय घेतलं यांनी?" त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं. "मेंदूचा झटका असेल तर वेगळे उपचार, धोतरा पोटात गेला असेल तर वेगळे. चुकीचं इंजेक्शन दिलं तर हृदयाला झेपणार नाही. कसला काढा होता, कुणी सांगेल का?"

रुचिता रडत म्हणाली, "न्हाणीजवळचं झाड आहे मॅडम. मावशीनं बी दिलेलं. नाव नाही माहीत."

"अवशद हाय त्ये," इंदूबाई म्हणाल्या, "आमच्या सायबां..." आणि हिरामणने त्यांचं मनगट दाबलं. तो त्यांना ओढत व्हरांड्यात घेऊन गेला.

"गप बस. गांजा हाय तो."

इंदूबाईंनी मनगट सोडवून घेतलं. "तुमाला म्हाईत हुतं?"

"म्हाईत हुतं. म्हनून काय करायचं हुतं? खोली कोन देनार हुतं आपल्याला? आता बोललीस तर पोलीस येत्याल. सायेब वर करत्याल हात. घर जाईल, वर जेल. अक्का रातच्याला शुद्धीवर येईल आपसूक. नशाच ती."

"आन नाय आली तर?"

हिरामण तिथल्या बाकावर बसला.

"माझ्या हातनं बी दिलंय मी तिला," इंदूबाई म्हणाल्या. "म्या सांगितलं पी म्हनून. तुमी बसा हितं."

त्यांनी त्याच टेंपोवाल्याला गाठलं आणि दहा मिनिटांत त्या माझ्यापुढे उभ्या राहिल्या. मी पुरुषभर उंच झाले होते. दोन्ही हातांनी बुंधा धरून, न्हाणीच्या दगडाला टाच लावून त्यांनी मला ओढलं. मुळासकट निघाले. झाडाला दुखतं की नाही याची चर्चा मोठी माणसं करतात. मी एवढंच सांगेन की त्या घाईत त्यांनी मुळाची माती झटकली आणि "माफ कर गं" असंही म्हणाल्या. माझ्याशी असं बोलणारं दुसरं कुणी मला भेटलं नाही.

टेंपोवाला म्हणाला, "काकू, गोनपाटात तरी गुंडाळा."

"कशाला? डागतरला बघायचंय ना?"

दवाखान्याच्या लांबलचक व्हरांड्यातून त्या मला खांद्यावर टाकून चालत गेल्या. माझी पानं दोन्ही बाजूंच्या भिंतींना घासत होती आणि बाकांवरची माणसं नाकाला रुमाल लावून उठत होती. दारापाशीच्या पोलीस चौकीतला हवालदार चहा ठेवून मागे आला. हिरामणने खाली मान घातली. इंदूबाईंनी मला डॉक्टरांच्या टेबलावर आडवं केलं.

"ह्ये प्याली ती. मूठभर शेंडं, दुधातनं. आता करा काय त्ये."

डॉक्टरांनी एक पान उलटून पाहिलं आणि श्वास सोडला. "गांजा आहे. धोतरा नाही, झटकाही नाही." त्यांनी सिस्टरला भराभर सांगितलं, सलाईन लावली, दिवे मंद केले, आणि भरून ठेवलेलं इंजेक्शन बाजूला सारलं. "हे दिलं असतं तर..." एवढंच त्या म्हणाल्या आणि कामाला लागल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आनंदीबाईंनी डोळे उघडले. बहिणीचा सुजलेला चेहरा बघून त्या म्हणाल्या, "इंदे, लय भ्या वाटलं गं. पन खरं सांगू? गुडघा कायबी दुखत नव्हता." इंदूबाई हसल्या आणि मग पदर तोंडाला लावून हमसून हमसून रडल्या.

हवालदार वही घेऊन दारातच उभा होता. "झाड कुणी लावलं?"

आनंदीबाई काही बोलायच्या आत इंदूबाई म्हणाल्या, "बी माजं. तिला कायबी म्हाईत नव्हतं. माजं नाव लिवा."

तेव्हा हिरामण पुढे झाला. नवीनसाहेबांचं नाव, फार्महाऊस, जाळी, कुंड्या, त्याने सगळं सांगितलं. पण पोलीस पळसदरीला पोहोचेपर्यंत एक रात्र गेली होती. जाळीखाली रातोरात आणून लावलेली झेंडूची रोपं डुलत होती आणि कागदोपत्री बाग हिरामणच्या देखरेखीखाली होती. साहेब फोनवर नम्रपणे म्हणाले, की गडीमाणसं मागे काय लावतात ते आठवड्यातून एकदा येणाऱ्याला कसं कळणार? त्याच आठवड्यात खोली गेली. हिरामण आणि इंदूबाई आता आनंदीबाईंकडे राहतात. हिरामण रोज सकाळी मेव्हणीच्या गुडघ्याला एरंडेल चोळतो आणि कुणी न विचारताच म्हणतो, की पहिल्याच आठवड्यात बोलायला पाहिजे होतं.

आणि मी? मी पोलीस ठाण्याच्या मुद्देमालाच्या खोलीत आहे. खाकी पाकिटात दुमडलेली, वर लाखेचा शिक्का, शेजारी चोरीच्या मोटारसायकली आणि एक गंजलेला कोयता. उंदीर येतात, हुंगतात आणि शिंकून परत जातात. इंदूबाई जामिनावर आहेत. त्यांची तारीख लागेल तेव्हा मला कोर्टात नेतील, कात्रीने पाकीट उघडतील आणि विचारतील, हेच का ते झाड? त्या वेळी मला बोलता येणार नाही. माझा वास तेवढा खोलीभर पसरेल, आणि तो त्यांच्याच विरुद्ध साक्ष देईल. म्हणून आत्ताच तुम्हाला सांगून ठेवते.

मित्रांनो, मी स्वतःहून चांगली नाही आणि वाईटही नाही. माझ्यात ताकद आहे, आणि ताकदीच्या वस्तूला तिच्या खऱ्या नावाने हाक मारावी लागते. तुमच्या हातावर कुणी काही ठेवलं, तर 'हे काय आहे' असं आधी विचारा. कुणाला काही द्याल, तर त्याचं खरं नाव सांगून द्या. ज्याने हे करायला हवं होतं, त्याने केलं नाही. ज्याला खरं माहीत होतं, तो वेळेवर बोलला नाही. आणि जिला शेवटी कळलं, ती मला उघड्यावर खांद्यावर घेऊन सगळ्यांदेखत चालत आली.

माझ्या पाकिटावर एक छापील ओळ आहे, 'कोणाच्या ताब्यातून जप्त'. तिच्यापुढे हवालदाराने निळ्या शाईत, सुरेख वळणदार अक्षरात लिहिलंय, इंदूबाई हिरामण भोईर.