निळं हाड

बंद पडलेली लोखंडाची खाण पुन्हा सुरू करायचं ठरलं आणि तळच्या बोगद्यातलं पाणी उपसायचं काम पंपवाल्याच्या वाट्याला आलं. त्याचा बापही इथेच राबलेला. छत कोसळून बोगदा बुडाला त्याच दिवशी तो नाहीसा झाला होता. आईनं तेव्हा खाणीच्या कचेरीत धाव घेतली, तर त्यांनी, बाहेर पडताना कामगार खिळ्यावर टांगून जातात तो त्याचा बिल्ला दाखवला. पाळी संपवून माणूस बाहेर पडलाय, आता तो घरी आला नाही त्याला आम्ही काय करणार? मग कुणीतरी सांगितलं, एका बाईबरोबर बसमध्ये चढताना पाहिला म्हणे. कुणी पाहिलं ते कधी कळलं नाही. अशा बातमीला आईबाप लागत नाहीत.

आईनं शिवणकाम करून मुलाला वाढवलं आणि सव्वीस वर्षं नवऱ्याच्या नावानं बोटं मोडली. पोराला यायला जरा उशीर झाला की, "गेलास का बापाच्या वळणावर?" सासू एकदाच दारात आली होती. "माझा मुलगा पळणाऱ्यातला नाही गं," एवढंच म्हणाली. आईनं तिच्या तोंडावर दार लावलं. म्हातारीला दुसरं कुणी नव्हतं. निराधारांच्या आश्रमात गेली आणि तिथेच संपली.

पाणी ओसरलं तशी बोगद्यात काळी, चिकट माती उघडी पडली. त्या मातीत एक बूट निघाला, बुटामागून हाडं. पंपवाल्यानं बॅटरी जवळ नेली. हाडांच्या पोकळीत काचेच्या कपच्यांसारखं काहीतरी वाढलेलं होतं, जवळजवळ पांढरं, किंचित हिरवट. हाडं वर आणून ताडपत्रीवर ठेवली. दुसऱ्या दिवशी बघतात तर त्या कपच्या निळ्या पडलेल्या.

"विषप्रयोग आहे हा," मुकादम दोन पावलं मागे सरला. "हात लावू नका रे कुणी."

पोलिसांनी बोलावलेली खनिजांची तज्ज्ञ बाई आली. तिनं आधी सगळ्या हाडांवर काळं कापड टाकलं.

"विष नाही आणि भूतही नाही," ती म्हणाली. "व्हिव्हियनाइट म्हणतात याला. हाडात फॉस्फेट असतं, इथल्या पाण्यात लोह. मातीनं हवा अडवली की दोन्ही एकत्र येतात, पाणीही धरून ठेवतात, आणि हळूहळू स्फटिक धरतो. नखानंसुद्धा ओरखडा पडेल इतका मऊ. अंधारात बिनरंगी असतो. उजेड आणि हवा लागली की आतलं लोह बदलतं आणि तो निळा पडतो. हाडात इतका सुंदर क्वचितच मिळतो." 'सुंदर' म्हटल्यावर तिलाच ओशाळल्यासारखं झालं.

पंपवाल्याचं लक्ष शब्दांकडे नव्हतं. कापडाखालून नडगीचं हाड डोकावत होतं. मध्येच मोडून वाकडं जुळलेलं.

घरी आल्यावर त्यानं विचारलं, "आई, बाबांचा कुठला पाय मोडला होता?"

"डावा. कौलं चाळताना पडले होते. तंगडी वाकडी जुळली, तरी पळायला बरी चालली!" तिनं मशीनचं चाक फिरवलं. मग पोराच्या तोंडाकडे पाहिलं आणि चाकावरचा हात तिथेच राहिला.

त्यानं सांगितलं. ती रडली नाही. म्हणाली, "मग मी इतकी वर्षं शिव्या घातल्या कुणाला?"

तपासणीच्या खोलीत पडदे ओढलेले होते. आईनं कापडाखाली हात घालून नडगी चाचपली. वाकड्या जागेवर अंगठा थांबला.

"तेच आहेत," ती म्हणाली. "पडदा उघडा."

"काकू, उजेडानं रंग आणखी गडद होईल, शेवटी काळा पडेल. मग पहिल्यासारखा होत नाही. आणि एवढा नमुना संग्रहालयात ठेवता आला तर…"

"बाई, अंधारात पुष्कळ राहिले ते."

तज्ज्ञ बाईनं पडदा सारला. आई हाड मांडीवर घेऊन खिडकीशी बसली. दुपारभर बसली.

पाळी संपवून, बिल्ला टांगून तो माणूस परत आत का उतरला, हे कुणालाच सांगता आलं नाही. हत्यार विसरलं असेल, कुणी हाक मारली असेल. कचेरीनं आता दिलगिरीचं पत्र पाठवलं. आईनं ते वाचलं नाही.

ती मुलाला घेऊन आश्रमात गेली. सासूला कुठे पुरलं, एवढंच तिला हवं होतं. तिथल्या माणसानं मागच्या पडीक जागेकडे हात केला. "बेवारस सगळे तिकडेच. खुणा नाहीत हो. कोण कुठे, आम्हालाही माहीत नाही."

"मी वारस होते तिची," आई म्हणाली.

हाडं ताब्यात मिळाल्यावर तिनं ती त्याच पडीक जागेत पुरायचं ठरवलं. मुलानं समजावून पाहिलं, गावात चांगली जागा आहे, लोक येतील.

"लोकांचं काय करायचंय? ती इथेच कुठेतरी आहे. मुलगा जवळपास तरी असू दे तिच्या."

मुलानं कुदळ घेतली. जमीन दगडासारखी होती, कुदळ उसळत होती. आई काठावर उभी राहून पाहत होती आणि थोड्या थोड्या वेळानं म्हणत होती, "अजून खोल नको. आता खोल नको रे."