मुजऱ्याचा पारा, छत्राचा पारा

आमच्या लश्कर शहरात, जयेंद्रगंज पेठेत त्या सकाळी मुंगीला शिरायला जागा नव्हती. पारदेश्वर महाराज म्हणे मंत्रानं रक्तदाब उतरवतात! ओट्यावर त्यांची गादी, समोर डॉक्टरांकडे असतं तसलं पाऱ्याचं यंत्र, शेजारी चांदीच्या दांड्याचं छत्र, आणि भोवती "महाराज की जय हो!"चा कल्ला.

सगळ्यांत पुढे आमचा मुकुंददादा. दरबारी मानकरी, आणि अस्सल हट्टी. मध्ये भोवळ येऊन पडला तेव्हा डॉक्टर दिनकररावांनी मीठ तोडलं, घोडा बंद केला. पण दसऱ्याच्या स्वारीत घोड्यावर बसणं हा घराण्याचा मान ना! महाराजांनी पारा उतरवला की परवा दादा रिकिबीत पाय घालणार होता.

"पडलास तर मान चाटायचाय का आम्ही?" मी म्हटलं.

"सुधा, तू चुप बैस!"

मी कसली बसतेय? दिनकररावांना ओढूनच आणलं होतं.

महाराजांनी दादाच्या दंडाला पट्टा बांधला. लश्करचा मराठा गादीपुढे मुजऱ्याशिवाय उभा राहतो होय? दादा कमरेत वाकला, हात खाली लोंबता. "ऐसेच रहो," म्हणत महाराजांनी कोपराशी नळी लावून ऐकलं नि पुकारलं, "एकशे नव्वद!"

लोक हळहळले. मग मंत्र सुरू. "पारद पारद, उतर सरासर, उतर झराझर!" त्यानंतर सेवा म्हणून दादानं छत्र उंच धरायचं. या खेपेला नळी गायब, महाराजांचं बोट मनगटावर.

"एकशे पंचेचाळीस!"

बायकांनी महाराजांची दृष्ट काढत कडाकडा बोटं मोडली. दादाच्या डोळ्यांत पाणी. मला मात्र परवाचा घोडाच दिसू लागला.

दिनकरराव पुढे झाले. "महाराज, आता क्रम बदलू. आधी छत्र, मंत्रानंतर मुजरा."

"क्रम उलटला तर मंत्र कोपतो!"

"कोपू द्या," मी ओरडले, "प्रेशर माझ्या भावाचं आहे!"

गर्दीलाही चेव आला. "हाँ हाँ, होऊन जाऊ द्या!"

महाराजांचा नाइलाज झाला. दादानं छत्र धरलं, पारा खाली. मंत्र झाला, दादा मुजऱ्याला वाकला, आणि पारा चढला की हो वर! कुणीतरी खो खो हसलं. "महाराज, पारा पायउतार व्हायला विसरला!"

दिनकररावांनी दादाला खुर्चीत बसवलं, हात छातीच्या उंचीवर मेजावर ठेवला. नळीनं ऐकून एकशे पंचाहत्तर, बोटानं एकशे अडुसष्ट.

"बोटानं थोडं कमीच येतं. पण खरी गंमत हाताची. माडीवरच्या नळाला धार बारीक, खालच्याला जोरात, तसंच हे. हात काळजाच्या वर धरला की आकडा उतरतो, खाली सोडला की चढतो. मंत्र नसला तरी. मुकुंदराव, तुमचा दाब तिथंच आहे. घोड्यावर बसलात तर मी जबाबदार नाही."

महाराज छत्र घेऊन केव्हा सटकले, कळलंही नाही.

बाबांनो, देवाला खुशाल हात जोडा. पण मोजायचं असेल तर दोन्ही वेळा सारखंच मोजा, आणि कुणी आधी वाकायला नि मग हात वर करायला लावलं तर का म्हणून विचारा!

दसऱ्याला स्वारी दारावरून गेली तेव्हा दादा पगडी घालून ओट्यावर बसून सोनं वाटत होता. शेजारच्या महिपतरावांनी टोमणा मारलाच, "काय मुकुंदराव, यंदा घोड्यावर नाही?"

"नाही," दादा म्हणाला, "पुढल्या वर्षीही सोनं वाटायचंय."