फाऊलचा मानकरी

त्या काळी बास्केटबॉलमध्ये फाऊल कुणावरही होवो, चेंडू फेकायचा मान संघातल्या एकाच गड्याचा. पेनसिल्व्हेनियातल्या त्या कोळशाच्या गावात तो मान वर्षानुवर्षं ओंद्रे हाव्रिलाचा होता. दर शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये जाळीचा पिंजरा उभा राहायचा. आत खेळाडू, बाहेर सगळं गाव. ओंद्रे रेषेवर आला की कुणी खोकतसुद्धा नसे. बास्केट झाली की सज्ज्यातून त्याची बायको झुझाना रुमाल हलवायची. आठवडाभर खाणीत काळ्या होणाऱ्या माणसाला आणखी काय हवं?

मग श्तेफान कुरूच आला. मिसरूड नुकतं फुटलेलं, पण सरावात चेंडू असा टाकायचा, की बास्केटच्या कडीला शिवायचासुद्धा नाही. संघ चालवणारा ब्रेनन ते टक लावून बघत होता, आणि ओंद्रे ब्रेननकडे. तेव्हापासून ओंद्रेच्या पोटात जे दुखायला लागलं ते थांबेचना. श्तेफान बापडा 'दादा, दादा' करत त्याचे बूटही उचलून आणायचा. ओंद्रेला वाटे, हाच गोड बोलून गळा कापणार. एकदा जेवताना झुझाना सहज म्हणाली, पोरगा छान खेळतो हो. झालं, ह्याच्या अंगाचा तिळपापड. कोबीचं सूप पुढे ढकलून म्हणाला, "मग त्याच्याच घरी जा रांधायला."

हंगामाचा शेवटचा सामना नदीपलीकडच्या गावाशी होता. वेळ संपत आली होती आणि एकाच गुणाची पिछाडी होती. तेवढ्यात त्यांच्या एका धटिंगणाने ओंद्रेला जाळीवर असं आदळलं, की तारांचे वळ गालावर उठले. फाऊल मिळाला. गाल चोळत ओंद्रे रेषेकडे निघाला, तर ब्रेननने बाहेरून बोट केलं ते श्तेफानकडे.

मार मी खायचा आणि मान ह्याने मिरवायचा. ओंद्रे कडीखाली जाऊन उभा राहिला आणि मनातल्या मनात एकच म्हणत राहिला, चुकू दे मेल्याचं.

आणि चुकलंच. चेंडू कडीवर आपटून थेट ओंद्रेच्या पायाशी आला. डोक्यावर कडी, अडवायला कुणी नाही. नुसता उचलून टाकायचा होता. पण ओंद्रेला जो आनंद झाला होता, त्यात त्याचे हातच हलले नाहीत. धटिंगणाने चेंडू पळवला आणि घंटा झाली.

रिवाजाप्रमाणे लगेच बाकं सरकवून नाच सुरू झाला. गाव श्तेफानला शिव्या घालत होतं. लाल डोळ्यांनी तो ओंद्रेकडे आला. म्हणाला, दादा, फेक तुमचीच होती, मीच नाही म्हणायला हवं होतं. ब्रेननही येऊन सांगून गेला की पुढच्या हंगामात फाऊल ओंद्रेच टाकेल. ओंद्रेने श्तेफानच्या पाठीवर हात ठेवला, मोठ्या मनाच्या माणसासारखा. मग नाचासाठी झुझानापुढे हात केला. ती उठली नाही.

"चेंडू तुझ्या पायाशी होता," ती म्हणाली.

"दिसला नाही गं गडबडीत."

"दिसला. तू हसत होतास, ओंद्रे."

पुढच्या हंगामातल्या पहिल्याच फाऊलला ओंद्रेने बास्केट केली. हॉल दणाणला. सवयीने त्याने वर पाहिलं. झुझाना आपल्या जागेवरच बसली होती, आणि रुमाल तिच्या मांडीवर घडी घातलेला तसाच होता.