जावेचं दूध

शहाऐंशी सालची गोष्ट. भात कापून झालं होतं, झोडणी व्हायची होती. प्रेमलाच्या बाळंतपणाला सोळा दिवस झाले होते, आणि त्या सकाळी तिच्या पोटात दुखायला लागलं. आधी बेंबीपाशी, मग खाली उजवीकडे. सुईण गंगुबाई म्हणाली, बाळंतिणीच्या पोटात वारा धरतोच. तिने ओव्याचं पाणी पाजलं, गरम विटेचा शेक दिला. शेकाने दुखणं वाढलं. दुपारपर्यंत ताप भरला, दोनदा उलटी झाली, आणि प्रेमलाला उजवा पाय सरळ करता येईना.

तिचा मोठा दीर केरू शेतावरून आला, त्याने तिच्याकडे एकदा बघितलं आणि शेजारच्या दोघांना हाक मारली. लाकडी खुर्चीला दोन वासे बांधून त्यांनी तिला कातळाचा उघडा सडा ओलांडून हमरस्त्यावर आणलं. मागून सासू सोनूबाई बाळाला छातीशी धरून भराभर चालत होती. बारशाला मुलीचं नाव मथुरा ठेवलं होतं, पण घरात सगळे तिला बायो म्हणत. प्रेमलाचा नवरा गंगाराम मुंबईला गोदीत कामाला. एसटीची वाट बघता बघता केरू म्हणाला, "रत्नांग्रीत पोचलो की आधी तार करतो त्याला."

रत्नागिरीत बाजारपेठेच्या वरच्या अंगाला एका डॉक्टरांचं बारा खाटांचं इस्पितळ होतं. डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं, दाबलेला हात पटकन उचलला. प्रेमला किंचाळली.

"अपेंडिक्स आहे," ते म्हणाले. "फुटायच्या आत काढायला हवं. आत्ताच."

आत नेण्याआधी प्रेमलाने बायोला मागून घेतलं आणि आडवं पडल्या पडल्याच पाजलं. पोटातल्या कळांमुळे तिचं लक्ष नव्हतं. पोर पोटभर प्याली की अर्धवट, ते तिला पुढे आठवेना, आणि तेच तिला नंतर चार दिवस डाचत राहिलं.

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी ती पुरती शुद्धीवर आली तेव्हा हाताला सलाईन होतं, तोंडाला कोरड पडली होती आणि उजव्या कुशीखाली कुणी निखारा ठेवावा तशी आग होत होती. डॉक्टर आले. जखम चांगली आहे, म्हणाले. मात्र सुया चालू आहेत तोवर, म्हणजे चार दिवस, मुलीला अंगावर पाजायचं नाही. औषध दुधात उतरतं. आणि तान्ह्या मुलाला आजाऱ्यांच्या खोलीत ठेवणंही बरं नव्हे, तेव्हा आजीने तिला बाहेरच्या पडवीत सांभाळावं.

"डब्याचं दूध द्या. हल्ली चांगलं मिळतं. हवी तर दूध आटवायची गोळीही देतो, म्हणजे ठणका लागणार नाही."

डॉक्टर गेल्यावर विमला सिस्टर सलाईन बदलायला आल्या. चिपळूणकडच्या, चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या बाई. त्या म्हणाल्या, "गोळी घ्यायची की नाही ते तू ठरव. पण आटलं की परत येईलच असं नाही, एवढं ध्यानात ठेव."

"नको गोळी," प्रेमला म्हणाली.

"मग दर तीन तासांनी हाताने पिळून टाकावं लागेल. दुखेल."

दुखायचंच. पिळताना पोट आवळलं जाई आणि टाक्यांतून कळ जाई. सिस्टरांनी दिलेल्या स्टीलच्या वाटीत थोडंसं पिवळट दूध जमे, आणि ते मोरीत ओतून टाकलं जाई. ते ओतताना प्रेमला तोंड फिरवून घेत असे.

खिडकीपलीकडे पडवी होती. बायो तिथे रडत होती. सोनूबाई तिला बोंडल्याने डब्याचं दूध पाजत होती, आणि पोर ते घटाघटा पिऊन तितकंच ओकून टाकत होती. रडणं कानावर पडलं की प्रेमलाच्या अंगाला पान्हा फुटे, चोळी भिजे, आणि तिला उठता येत नसे. दुपारनंतर पोरीला पातळ जुलाब सुरू झाले. रडण्याचा आवाज बारीक झाला. तो बारीक झालेला आवाज ऐकून प्रेमलाला पहिल्यांदा खरी भीती वाटली.

सोनूबाईने त्या संध्याकाळी सुनेला काही विचारलं नाही. ती केरूला म्हणाली, "घरी जा नि तुळसाला उद्याच्या पयल्या गाडीने धाड. लवूला पन घेऊन येऊ दे."

तुळसा म्हणजे केरूची बायको, प्रेमलाची मोठी जाऊ. तिचा लवू नऊ महिन्यांचा होता आणि अजून अंगावर पीत होता. एका छपराखाली राहून दोघी जावा तीन वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या.

त्याचं कारण प्रेमलाच होती. ती दहावी पास होऊन या घरात आली तेव्हा तुळसाची थोरली मुलगी सात महिन्यांची होती, हडकुळी, सारखी आजारी पडणारी. एकदा विहिरीवर चार बायकांत प्रेमला बोलून गेली, "पोर अंग धरनार कशी? वैनीच्या दुधात दमच नाय." नवी नवरी होती, बायका हसल्या, तिला बरं वाटलं. ते बोलणं तिन्हीसांजेच्या आत घरी पोचलं. तुळसाने भांडण केलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने मागच्या पडवीत वेगळी चूल घातली, आणि तेव्हापासून प्रेमलाशी जे काय बोलायचं ते सासूच्या नाहीतर पोरांच्या तोंडून.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास बायोचं रडणं एकदम थांबलं. प्रेमला कान देऊन पडून राहिली. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मग तिने घाबरून सासूला हाक मारली.

सोनूबाई दारात आली. "काय गो?"

"रडत का नाय ती?"

"पितेय."

"काय पितेय?"

"तुळसा पाजतेय तिला," सोनूबाई म्हणाली आणि प्रेमला काही बोलायच्या आत परत पडवीत गेली.

प्रेमलाने भिंतीकडे तोंड केलं. पोर जगेल म्हणून सुटल्यासारखं वाटलं हे खरं. पण त्याचबरोबर असंही वाटलं, की गावातली दुसरी कुठलीही बाई असती तर बरं झालं असतं. ती विमला सिस्टरांना म्हणाली, "आमच्या जाऊबाई आल्यात." सिस्टर म्हणाल्या, "नशीबवान आहेस."

तुळसा त्या पडवीतच राहिली. एका अंगाला लवू, दुसऱ्या अंगाला बायो. सोनूबाई स्टँडवरून तिला उसळपाव आणून देई, चहा आणून देई. जुलाब दीड दिवसात थांबले. तुळसा खोलीत मात्र आली नाही, आणि प्रेमलानेही तिला बोलावलं नाही. खिडकीतून कधी तिचा आवाज येई. "पी गो बाय, पी. सावकाश." पोटच्या पोरीशी बोलावं तसं.

ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी सुया बंद झाल्या. डॉक्टर म्हणाले, "आता पाजायला हरकत नाही." सोनूबाईने बायोला आत आणलं. प्रेमलाला बसवत नव्हतं. विमला सिस्टरांनी तिला डाव्या कुशीवर वळवलं, पाठीला उशी लावली, आणि पोरीचे पाय जखमेवर लागू नयेत म्हणून मध्ये चादरीची घडी ठेवली.

बायोने तोंड लावलं, दोनदा ओढलं आणि सोडून दिलं. परत लावलं. परत सोडलं. मग अंग ताठ करून, लालबुंद होऊन रडायला लागली. पिळून पिळूनही प्रेमलाची छाती तटतटून कडक झाली होती, आणि दूध बेतानेच येत होतं. तुळसाच्या अंगाला तोंड लावलं की धार लागे, पोरीला त्याची सवय झाली होती. दुपारी तेच झालं, संध्याकाळीही तेच. दर वेळी शेवटी सोनूबाई रडणाऱ्या पोरीला उचलून पडवीत नेई आणि रडणं थांबे.

पाचव्या दिवशी सकाळी चौथ्यांदा तसं झाल्यावर प्रेमलाचा धीर सुटला. ती मोठ्याने म्हणाली, "घेऊन जा तिला! तिचीच लेक ती आता. मना नको!"

खिडकी उघडीच होती. मग तुळसा खोलीत आली. लवू तिच्या कडेवर होता. ती खाटेपाशी उभी राहिली आणि तीन वर्षांत पहिल्यांदा प्रेमलाशी सरळ बोलली.

"बघू."

"काय बघायचाय?"

"छाती बघू दे."

प्रेमलाने पदर बाजूला केला. तुळसाने दोन बोटांनी चाचपून बघितलं. प्रेमला कळवळली.

"दगड झालाय गो ह्याचा," तुळसा म्हणाली. "ती इवलीशी. तिच्या तोंडात मावनार कसा? नि गाठ धरली तर ताप भरंल, परत कापतील. सिस्टर, जरा गरम पानी मिळंल काय?"

विमला सिस्टरांनी गरम पाणी आणि फडकी आणून दिली. तुळसाने शेक दिला, वरून खाली हलक्या हाताने चोळलं. चोळता चोळता ती म्हणाली, "आता ओढनारा जोरदार पायजे. लवूला लावते. चालंल?"

प्रेमलाला आधी समजलंच नाही. मग समजलं तेव्हा ती म्हणाली, "तो माझ्याकडे कसा पिईल?"

"तो मिळंल तिथं पितो. त्याला काय." तुळसा हसली नाही, पण तिचा आवाज जरा सैल झाला. "दोन दात आहेत त्याला. सांगून ठेवते."

तुळसाने लवूला खाटेच्या कडेला आडवा धरला, त्याचे पाय आपल्या काखेत दाबून ठेवले, म्हणजे लाथ मारली तरी टाक्यांना लागू नये. लवूने काकीच्या तोंडाकडे टकमक बघितलं आणि मग तोंड लावलं. त्याने ओढलं तशी प्रेमलाच्या डोळ्यांसमोर काजवे चमकले. तिने खाटेची पट्टी घट्ट धरली. पहिल्या दोन मिनिटांत काही आलं नाही. मग आतून काहीतरी सुटल्यासारखं झालं, आणि लवूच्या घशाचा गटगट आवाज यायला लागला. गालावरून दूध ओघळलं. प्रेमला रडत होती, तुळसा त्याचं तोंड पुसत होती.

"बस आता," तुळसाने त्याला सोडवलं. तो रागावला. तिने त्याला सासूकडे दिलं आणि बायोला घेतलं. आधी स्वतःच्या अंगाला लावून थोडंसं पाजलं, पोरीची भूक नुसती चाळवण्यापुरतं. मग आपल्या छातीवरचं भिजलेलं फडकं काढून प्रेमलाच्या गळ्याशी पसरलं.

"वास लागतो त्यांना," ती म्हणाली.

अर्धवट झोपेत असलेल्या बायोने तोंड उघडलं, मऊ झालेलं थान तोंडात घेतलं आणि प्यायला लागली. मध्ये एकदा थांबली, डोळे उघडले, परत मिटले. दोघी बायका तिच्याकडे बघत होत्या. बाजूच्या खाटेवरची म्हातारीसुद्धा मान उंच करून बघत होती.

तो दिवस आणि दुसरा दिवस असंच चाललं. लवू एकदा, मग बायो. तिसऱ्या दिवशी लवूची गरज पडली नाही.

त्या दुपारी सोनूबाई पोरांचे कपडे धुवायला गेली होती. तुळसा खाटेजवळ स्टुलावर बसली होती. प्रेमला म्हणाली, "वैनी, मी तेव्हा विहिरीवर बोलली ती..."

"राहू दे."

"नाय, बोलायचाय मला."

तुळसाने मांडीवरचा लंगोट घडी करून ठेवला. "तू बोललीस नि विसरलीस. मी पोरीला पाजायला बसले की दर वेळी मना ता आठवायचा. वाटायचा, खरंच काय नाय माझ्यात. गंगुबाईला विचारलं, तर ती म्हनाली, पोरीला जंत झालेत, दुधाचा काय नाय. पन तोवर मी तिला अंगावरनं तोडून पेज चालू केली व्हती. आठव्या महिन्यापासून उगाच अर्धपोटी ठेवली म्हनून अजून जिवाला लागतंय." ती दुसरा लंगोट घडी करायला लागली. "तुला माफ बिफ केलाय असा समजू नको. पन बायोचा काय दोष?"

प्रेमलाने मान हलवली. तिला माफीची अपेक्षा होती का, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. "चुकलं माझं," एवढंच ती म्हणाली, आणि तुळसाने "व्हय, चुकला," असं म्हणून विषय मिटवला.

आठव्या दिवशी टाके काढले. त्याच दिवशी गंगाराम मुंबईहून पोचला. तार त्याला दोन दिवस उशिरा मिळाली होती आणि रजा मिळायला आणखी दोन. सगळे एसटीने घरी आले. हमरस्त्यापासून परत खुर्ची. डॉक्टरांनी दोन महिने जड उचलायचं नाही असं बजावलं होतं. प्रेमलाच्या वाटणीचं पाणी तुळसा आणू लागली. तिने तसं बोलून दाखवलं नाही, प्रेमलानेही विचारलं नाही. सकाळी उठलं की पिंप भरलेलं असे.

चुली दोनच राहिल्या. पण झोडणीच्या दिवसांत तुळसा खळ्यावर गेली की लवूला प्रेमलाकडे टाकून जाई, आणि तो रडला तर प्रेमला त्याला अंगावर घेई. सोनूबाईने हे वाडीत कुणाला सांगितलं नाही, पण वाडीला कळायचं ते कळलंच.

गंगारामची रजा संपायच्या आदल्या दिवशी तो मागच्या अंगणात फणसाच्या सावलीत वाशाला अडकवून दोर वळत बसला होता. प्रेमला दाराच्या उंबऱ्याला टेकून खाली बसली, हळूहळू, एक हात पोटावर ठेवून. मग तिने बायोला मांडीवर घेतलं. ऑपरेशननंतर आज पहिल्यांदा ती बसून पाजत होती. गंगारामने दोर वळणं थांबवलं आणि विचारलं, "दुखतंय?"

"थोडं," ती म्हणाली. "पन जमतंय."