पातेल्याखालचा राऊटर

मित्रांनो, मी एक जुना राऊटर आहे. दोन कान, चार दिवे, तोंड नाही. तरी गल्लीतल्या बहुतेक गप्पा माझ्यातूनच जातात.

माझं तारुण्य ज्ञानचंद शेठजींच्या दुकानात, साबणाच्या वड्यांमध्ये गेलं. दुकानामागे पिंप्राळ्यातली आमची गल्ली. तिथे इंटरनेट नव्हतं. कंपनीचा माणूस यायचा आणि "इथे वायर येत नाही," असं वायरीला न विचारताच सांगून जायचा. पेपरात आमची गल्ली फक्त भांडण झालं की यायची. म्हणून कॉलेजात जाणारी नाजमीन मोबाइलवर रोज स्वतःच 'गल्लीची बातमी' वाचून दाखवू लागली. पण नेटशिवाय ती ऐकणार कोण? तिने शेठजींना गळ घातली. शेठजींनी कनेक्शनसकट मला दिलं, गल्लीतल्या जमीलाखालांनी आपली गच्ची दिली, निवृत्त चुडामण आबांनी दुकानातून वायर ओढली. आबांचा जन्म वरणगावच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत गेलेला. मला हातात घेण्याआधी त्यांनी सगळ्यांना लांब उभं केलं.

मग उन्हाळा लागला. नळ कोरडे पडले. पाण्याच्या तक्रारींची पालिकेतली सुनावणी ऑनलाइन होती आणि आमच्या गल्लीला पहिल्यांदाच बोलायची पाळी मिळाली होती. नाव पुकारल्यावर कुणी दिसलं नाही, तर पाळी पुढच्या गल्लीची. नाजमीन सकाळपासून आरशाला भाषण ऐकवत होती.

आणि ऐन वेळी माझ्यावर अंधार पडला.

"आबा, नेट गेलं!"

"वायर तं बरोबर शे. बठ्ठं बरोबर शे!" आबांनी टोकापासून टोकापर्यंत सगळं तपासलं होतं.

दोघं धावत गच्चीवर आले. मी स्टीलच्या पातेल्याखाली होतो. वर वीट, शेजारी खाला.

"खाला, हे काय?"

"अगं, कुरडया घालायला आले, तर हा बिचारा कुकरसारखा तापलेला. म्हटलं, झाकू."

"पातेल्यातून नेट बाहेर कसं येणार?"

"मला काय माहीत ते बाहेर येतं? मला वाटलं, आत बसतं."

मित्रांनो, मला अनेकांनी थोपटलं, आपटलं, बंद करून पुन्हा चालू केलं. सावली कुणी दिली नव्हती.

पातेलं निघालं. खाला छत्री घेऊन आल्या, माझ्यावर धरून स्वतः उन्हात उभ्या राहिल्या. तेवढ्यात नाव पुकारलं गेलं. खालांकडे पाहता पाहता नाजमीन भाषणच विसरली आणि तिचा मोबाइलही तिकडेच वळला. पडद्यावर फक्त छत्री.

"तुमच्याकडे पाऊस आहे का?" साहेबांनी विचारलं.

"पाऊस असता तर तुम्हाला कशाला त्रास दिला असता, साहेब?" खाला म्हणाल्या.

साहेब हसले. मग त्यांनी गल्लीचं नाव पुन्हा विचारलं. नाजमीनने ते सावकाश सांगितलं.

काही दिवसांनी नळाला बारीक धार आली. खालांनी तेच पातेलं खाली लावलं. नाजमीनने बातमी वाचली, "आज गल्लीत पाणी आलं. भांडण झालं नाही."

आता माझा एक दिवा गेलाय, एका कानावर कावळा बसतो. तक्रार नाही. फक्त एक विनंती, मित्रांनो. जिथे वायर पोचली नाही, तिकडे आपल्या राऊटरचा एक तरी कान वळवून ठेवा. आणि त्याच्यावर माया आलीच, तर छत्री धरा. पातेलं नको.